आमच्या घरची जावा

पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, एवढंच कशाला, आमच्या भोकरच्या आठवडी बाजारात वांग्याचीसुद्धा समीक्षा होते. आणि ती पुष्कळदा पुस्तकाच्या समीक्षेपेक्षा अधिक सडेतोड असते. मोटारसायकलची मात्र समीक्षा कुणी करत नाही. तिची एकतर जाहिरात होते, नाहीतर तक्रार. मी तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. 'या उताऱ्यातील सौंदर्यस्थळे सांगा' हा प्रश्न हजारो मुलांना घातला आणि त्यांनी न सांगितलेली सौंदर्यस्थळं तपासून त्यांना दहापैकी चार गुणही दिले. तेव्हा हा अधिकार वापरून एका मोटारसायकलची सौंदर्यस्थळं सांगायला हरकत नसावी.

ही मोटारसायकल आमच्या ओसरीवर उभी आहे. जावा, २५० सीसी, मूळचा रंग तांबडा, हल्लीचा रंग धुळीचा. आमचे वडील गुरांचे डॉक्टर. १९७२ साली, म्हणजे ऐन दुष्काळात, त्यांनी ती जुनी विकत घेतली. आमची सौ. तिच्याबद्दल बोलताना 'तुमची जावा' असं म्हणत नाही, 'माझी जाऊ' म्हणते. "लग्न होऊन आले तेव्हा सांगितलं होतं, घरात जाऊ नाही म्हणून. आणि ओसरीवर ही!" जावेशी जसं वागावं तसंच ती तिच्याशी वागते. हँडलवर शेवया वाळत घालते, सीटवर कांद्याची पिशवी ठेवते आणि पाहुणे आले की वरून चादर टाकते.

गेल्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला. त्यानं चादर उचलली आणि देवघरात बोलावं तशा आवाजात म्हणाला, "काका, ही प्युअर व्हिंटेज आहे!"

मी म्हणालो, "अरे, ही जुनी आहे."

त्यानं माझ्याकडे अशा काही दयेनं पाहिलं, की जुना मी आहे आणि गाडी व्हिंटेज आहे हा फरक मला तिथल्या तिथे कळला. जुनं म्हणजे जे अजून कामाला लावता येतं आणि म्हणून कुणी विचारत नाही ते. व्हिंटेज म्हणजे जे कामातून गेलं आणि म्हणून ज्याचे पैसे येतात ते. निवृत्त शिक्षकाला हा नियम लागू का होत नाही, हे मात्र त्याला विचारायचं राहून गेलं.

पुढचे चार दिवस त्यानं माझं बौद्धिक घेतलं. त्यातून मला असं कळलं, की जुन्या मोटारसायकलींच्या रसिकांत दोन संप्रदाय आहेत आणि त्यांचं भांडण आमच्या साहित्यातल्या भांडणासारखंच आहे. एकांना शुद्ध संहिता हवी असते, दुसऱ्यांना रूपांतर.

पहिला संप्रदाय पाठचिकित्सकांचा. ज्ञानेश्वरीच्या जुन्या पोथ्या शोधून मूळ पाठ ठरवणारे संशोधक असतात ना, तसे हे. ह्यांना प्रत्येक बोल्ट मूळचा हवा. जावाचं कुळ मोठं आहे, हे मीही मान्य करतो. १९२९ साली चेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाच्या शस्त्रं बनवणाऱ्या कारखानदारानं वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवायचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरं जोडली. 'जा' यानेचेकचा, 'वा' वांडररचा. आपल्याकडे तिचं उत्पादन म्हैसूरला १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आयडियल जावा कंपनीनं सुरू केलं. १९७३पासून नाव बदलून येझ्दी झालं, १९९६ साली कारखाना बंद पडला. म्हणजे आमची गाडी 'जावा' हे माहेरचं नाव लावणाऱ्या शेवटच्या पिढीतली. आता दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी हे रसिक आपापल्या गाड्या पुसूनपासून बाहेर काढतात आणि जावा-दिन साजरा करतात. आम्ही बैलांचा पोळा साजरा करतो, तसंच. फरक एवढाच, की आमचा बैल दुसऱ्या दिवशी औताला जातो.

या संप्रदायाचं म्हणणं मला बरंचसं पटतं, कारण आमच्या गाडीत सौंदर्यस्थळं आहेतच. पहिलं असं, की इंजिनाचं सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. एका नाकाला दोन नाकपुड्या असतात तसं हे निसर्गाला धरून आहे. दुसरं सौंदर्यस्थळ थोर आहे. किक आणि गिअर ह्यांची दांडी एकच! दांडी आत दाबून उभी केली की ती किक, गाडी सुरू झाल्यावर खाली पाडली की तोच गिअर. घरात एकच माणूस सकाळी सगळ्यांना हाका मारून उठवतो आणि मग दिवसभर सगळ्यांना कामाला लावतो, तशी ही व्यवस्था. गिअर टाकताना क्लच नाही दाबला तरी चालायचं, त्या दांडीतच क्लच सोडवायची सोय होती. आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे. त्याचा निळा धूर आणि वास! वडील घरी आले हे आम्हाला आधी नाकानं, मग कानानं आणि सर्वांत शेवटी डोळ्यांनी कळत असे.

दुसरा संप्रदाय कस्टमवाल्यांचा. पुतण्या त्यातला. जुनी गाडी घ्यायची, नको ते कापायचं, हवं ते जोडायचं आणि जगात दुसरी नाही अशी करायची. त्याच्या मोबाइलवर नमुने होते. त्यातला एक प्रकार कॅफे रेसर. लंडनच्या एस कॅफेपुढे साठीच्या दशकातली पोरं जमायची, हँडल खाली घेऊन, सीट अर्धी करून, वाऱ्याशी शर्यत लावायची. त्यांची ही परंपरा. दुसरा चॉपर. १९६९च्या 'ईझी रायडर' सिनेमानं तो जगभर नेला. पुढचं चाक इतकं लांब, की ते नांदेडला पोचतं तेव्हा स्वार अजून मुदखेडला असावा. मुंबईत अक्षय वर्दे ह्यांनी अशा गाड्या बांधण्याचा धंदाच उभा केला आणि त्याला नाव दिलं 'वर्देंची'. हे नाव वाचून मला फार बरं वाटलं. ज्या नादात सगळं इंग्रजी आहे तिथं कुणीतरी षष्ठी विभक्तीचा प्रत्यय जिवंत ठेवला.

"आपण जावाची कॅफे रेसर करू," पुतण्या म्हणाला. "मॅट ब्लॅक. मागचं मडगार्ड उडवू. कॅरिअर काढून टाकू."

कॅरिअर काढून टाकू म्हटल्यावर मी जरा थबकलो. त्या कॅरिअरवर वडिलांची औषधांची पेटी बांधलेली असे. पण समीक्षकानं भावनेच्या आहारी जाऊ नये म्हणून मी कायद्याकडे वळलो.

कायद्याची गंमत अशी आहे, की तो दोन्ही संप्रदायांना एकाच दारातून बाहेर काढतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की कंपनीनं जी गाडी दिली आणि नोंदणीपुस्तकात जी लिहिली, तिच्यात आपल्या मनानं फेरफार करायचा नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं. म्हणजे कस्टमवाल्यांचं निम्मं काव्य बेकायदा! पाठचिकित्सकांसाठी २०२१ साली वेगळे नियम झाले. पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपातली दुचाकी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळते; नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. पण अट अशी, की अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची. म्हणजे पेट्रोल भरायला जायचं आणि पेट्रोल भरलं म्हणून परत यायचं. निवृत्तीनंतर मी बँकेत पासबुक भरून आणायला जातो, त्यातलाच हा प्रकार.

तिसरा संप्रदाय आहे, तो पुतण्याला ठाऊक नव्हता. तो आमच्या भोकरचा. त्याला मी उपयोगवादी म्हणेन. ह्याचे आद्य समीक्षक म्हणजे आमचे मिस्त्रीचाचा. पन्नास वर्षांत त्यांनी राजदूत, बुलेट, जावा, येझ्दी, एम-एटी सगळ्यांची पोटं उघडली आहेत. पुतण्यानं त्यांना मॅट ब्लॅकची कल्पना सांगितली. चाचांनी विडी विझवली.

"बेटा, इस पे बैठको किधर जाना हय?"

"कुठं असं नाही चाचा. राइडला."

"किधर बी नै जाना तो खडीच अच्छी हय."

समीक्षेचं एवढं नेमकं वाक्य मी मराठीच्या अभ्यासक्रमात तीस वर्षांत शिकवलेलं नाही. गाडीला सौंदर्य येतं ते कुठंतरी जायचं असतं म्हणून. राजदूतच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकल्या, कडब्याची पेंढी मागे आली, खताचं पोतं टाकीवर बसलं, की आमच्याकडे ती कस्टम झाली. त्याला कुणी कस्टम म्हटलं नाही, 'सोय' म्हटलं. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी १९९४ साली ह्या सोयीचा कळस केला. दुष्काळानं बैल परवडेनात, तेव्हा त्यांनी बुलेटचं मागचं चाक काढलं, त्या जागी दोन चाकं आणि कोळप्याची अवजारं जोडली आणि बुलेटनं शेतात मशागत केली. 'बुलेट सांती' म्हणतात तिला. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोनं १९२० सालची इंडियन मोटारसायकल शेडमध्ये ठोकठाक करत चार दशकं सुधारली आणि १९६७ साली तिच्यावर ताशी २९० किलोमीटरच्या वर वेग गाठला, हेही खरंच. एकाला वेग हवा होता, दुसऱ्याला बैल. गरज खरी असली की कापलेलं मडगार्डसुद्धा शोभतं. गरज नसताना कापलं, की ते फक्त कापलेलं मडगार्ड राहतं.

इथवर लिहून मी थांबलो असतो तर लेख चांगला झाला असता आणि खोटा झाला असता. कारण जुन्या गाडीचे गोडवे गाणारे आम्ही सगळे एक गोष्ट सोयीनं विसरतो. ज्यांनी त्या गाड्या चालवल्या त्यांना त्यांचं एवढं कौतुक नव्हतं. आमच्या वडिलांना जावाचं सौंदर्यस्थळ एकच ठाऊक होतं: ती सुरू झाली. १९८५ साली देशात हिरो होंडाची सीडी-१०० आली. तिची जाहिरातच होती, की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. वर्षभरानं वडिलांनी ती घेतली आणि खरोखरच विसरून गेले. ना ऑइल मिसळणं, ना धूर, ना पहाटेच्या किका. जावा ओसरीवर आली ती तेव्हापासून. जुन्या यंत्रावर प्रेम करायची फुरसत, त्याच्यावर पोट अवलंबून नसलं की मिळते. २०१८ साली महिंद्र समूहाशी संबंधित क्लासिक लेजंड्स कंपनीनं जावा हे नाव परत बाजारात आणलं. दोन सायलेन्सर ठेवले, ऑइल मिसळायची भानगड ठेवली नाही. आठवण हवी आहे, त्रास नको आहे. शहाण्यांनी असंच करावं.

पण माझी आठवण त्रासाचीच आहे.

१९७३चा पावसाळा. आदल्या वर्षी मराठवाड्यात पाऊस नव्हता. माणसं खडी फोडून आणि सुकडी खाऊन जगली होती. जनावरं तर किती गेली त्याचा हिशेब नाही. मग पाऊस आला, रान एकदम हिरवं झालं आणि वर्षभर उपाशी असलेली गुरं त्या ओल्या कोवळ्या चाऱ्यावर तुटून पडली. त्यानं पोट फुगतं. डॉक्टर वेळेवर पोचला तर डाव्या कुशीत नळी घालून वारा काढतो आणि जनावर उठून बसतं. नाही पोचला तर काही तासांचा खेळ. वडील त्या दिवसांत रात्रंदिवस जावावर असत.

मी तेव्हा दहा वर्षांचा. संध्याकाळी गाडी अंगणात लागली, की तिच्यावर बसून मी तोंडानं आवाज काढत नांदेडला जात असे. त्या संध्याकाळीही गेलो. अगदी खरं वाटावं म्हणून पेट्रोलचा कॉक उघडला. नांदेड आल्यावर उतरलो आणि जेवायला पळालो. कॉक तसाच.

पहाटे किनवटच्या रस्त्याला असलेल्या एका गावाहून माणूस धावत आला. बैल फुगला होता. वडील पेटी घेऊन बाहेर आले. अंगणात पेट्रोलचा वास. रात्रभर गळून निम्मं जमिनीत, निम्मं इंजिनात. त्यांनी किक मारली. पुन्हा मारली. प्लग काढून पुसला, पुन्हा मारली. मी गोधडीतून मोजत होतो. चाळीसपर्यंत मोजल्या. मग त्यांनी सायकल काढली, पेटी खांद्याला अडकवली आणि गेले. पोचले तेव्हा बैल गेला होता. दुष्काळ पार करून आणलेला एकुलता एक बैल, पेरणीच्या तोंडावर.

घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "कॉक मीच उघडा टाकला. डुलकीत होतो." मी काही बोललो नाही. त्या दिवसापासून ते गाडी लावली, की रोज रात्री खाली वाकून कॉक बघत आणि मोठ्यानं म्हणत, "कॉक बंद." तेरा वर्षं मी ते रोज ऐकलं. ते गेले, तरी मी सांगितलं नाही.

हे सगळं पुतण्याला सांगणार कसं? मी एवढंच म्हणालो, की कापाकापी नको. चाचा, फक्त सुरू करून बघा. चाचांनी कार्बोरेटर उघडला, टाकी खळखळून धुतली, प्लग नवा घातला, पॉइंट घासले. चौथ्या दिवशी बाजार होता. दुपारी दुकानापुढे त्यांनी दांडी उभी केली आणि पंधराव्या किकेला जावानं एक खोकला काढला, निळा धूर सोडला आणि बोलायला लागली. निम्मा बाजार गोळा झाला. एकजण म्हणाला, "लई दिसानं असला आवाज ऐकू लालाव." पुतण्या मोबाइलवर चित्रण करत होता.

तेवढ्यात गर्दीतून काठी टेकत एक ऐंशी-पंच्याऐंशीचे आजोबा पुढं आले. मळकं धोतर, डोक्याला पटका. गाडीभोवती एक फेरी मारली.

"डाक्टर सायबाची गाडी नव्हं का ही? आन् तू तेंचं पोरगं?"

"हो बाबा."

"मह्या बैलाच्या येळंला चालू झाली नाई बगा ही." रागानं नाही, पावसाबद्दल बोलावं तसं म्हणाले. "पन मानूस भला. त्याच साली माळेगावच्या जत्रंत सोता आले. दात बघून, खांदा बघून बैल निवडून देला. पैशे कमी पडले, तेबी टाकले. मंग दरसाल पोळ्याला येऊन त्या बैलाला हात लावून जायचे."

माळेगावला वडील खंडोबाच्या जत्रेला जातात एवढंच आम्हाला माहीत होतं. गुरांचा डॉक्टर, घोडे-गाढवं-उंट बघायला जात असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांनी आमच्यातल्या एकाचं कर्ज फेडलं होतं आणि ते कुणाचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. निदान मी तसं समजत होतो. आता तेवढीशी खात्री वाटत नाही.

गाडीचा आवाज मोठा होता म्हणून धीर झाला. मी आजोबांच्या कानाशी वाकलो आणि सांगितलं, "बाबा, कॉक मी उघडा टाकला होता. खेळता खेळता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे पांढरे केस पाहिले. मग वाकून टाकीखाली पाहिलं आणि म्हणाले, "लेकरूच व्हतास की रं. आता हे बंद केल्यावर ध्यानानं बंद कर म्हंजी झालं."

पुतण्या पुण्याला गेला. त्यानं ते चित्रण मित्रांना दाखवलं. एकानं गाडीला बरी किंमतही सांगितली. मी व्हीएची पाटी घेतलेली नाही आणि मॅट ब्लॅकही केलेली नाही. कागद नाहीत म्हणून ती रस्त्यावर जात नाही. ओसरीवरच आहे, हँडलवर शेवया आहेत. समीक्षक म्हणून माझा अभिप्राय विचाराल तर गाडी सुंदर आहे, पण ती सुंदर आहे म्हणून मी ठेवलेली नाही.

टाकीत आता थेंबभर पेट्रोल नाही. तरी रात्री दार लावायला गेलो, की वाकून बघतो आणि मोठ्यानं म्हणतो, "कॉक बंद."

आतून सौ. म्हणते, "झाला का जाऊबाईंचा निरोप? या आता आत."